डाव्या कानाची चौकशी

३ एप्रिल २००२, बुधवार
कॉल सेंटरची नोकरी हातात आली आणि मेडिकलमध्ये अडकली. हेडफोन लावला, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. डाव्या कानाच्या वेळी वाटलं, मशीन सुरूच केलेलं नाही. सुरू होतं. कमी ऐकू येतं हे माहीत होतं, इतका ठार असेल असं नाही.
कानाच्या डॉक्टरांकडे धाडलं. 'पडद्याला जुनं भोक आहे. लहानपणी कानाजवळ काही फुटलं होतं?' म्हटलं, टायफॉइड झाला होता, त्यात गेला. 'टायफॉइडनं असं भोक नाही पडत. घरी नीट विचारून या, मग ऑपरेशनचं बघू.' कंपनी महिनाअखेरपर्यंत थांबेल.
आजवर सगळ्यांना टायफॉइड सांगत आले. मला कुणी सांगितलं? आईनं.

५ एप्रिल, शुक्रवार
आईला विचारलं. 'टायफॉइडच. किती वेळा सांगायचं?' आणि मिक्सर लावला. चटणी केव्हाच वाटून झाली होती, मी पाहिली होती.

७ एप्रिल, रविवार
गॅलरीत बसून आठवत होते. परीक्षा संपलेली, सुट्टी लागलेली. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रांतवाडीतली आम्ही सगळी पोरं गल्लीभर वाकून फिरायचो. न फुटलेले फटाके वेचायचे, पेपरवर त्यांची दारू मोकळी करायची. दादा उस्ताद. कपाटाची पोकळ चावी, तिच्यात दारू, वर घट्ट बसणारा खिळा, दोन्हीला एक सुतळी. भिंतीवर आपटली की ठो! काडेपेटीच्या काड्यांचा गुल घातला तर आवाज बेताचा, फटाक्याची दारू घातली की समोरच्या छपरावरची कबुतरं उडालीच. सुतळी मला धरू द्यायचा नाही, म्हणून मी त्याला चिकटून उभी. काय मजा यायची, खरंच.
एका वर्षीचं एवढंच आठवतं. दादा ओरडला, 'मागे हो!' मग एकदम लसणाचा वास, कानात गरम गरम. मधलं काही नाही. टायफॉइडला लसूण कशाला?

९ एप्रिल, मंगळवार
दादा कंपनीतून आला, बूट काढत होता. सहज विचारल्यासारखं केलं, 'लहानपणी माझ्या कानाजवळ काही फुटलं होतं का रे?'
'चावी? छे, तू लांब होतीस.'
चावीचं नाव मी काढलंच नव्हतं.
जेवायला नेहमीसारखा माझ्या उजवीकडे. रस्त्यातही उजवीकडूनच चालतो. मी माया समजत होते. कॉम्प्युटर शिकवला, मुलाखतीची तयारी करून घेतली, ते सगळं काय होतं मग? प्रायश्चित्त? आता त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला तरी संशय येतो.

१४ एप्रिल, रविवार
जयंती. सकाळी विहारात वंदना करून आलो. संध्याकाळी मिरवणूक गल्लीत शिरली, फटाक्यांची लडी लागली. दादा आज पहिल्यांदाच माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला. ओठ हलताना दिसले. बराच वेळ. डोळे लाल.
लडी संपल्यावर विचारलं, काय म्हणत होतास?
'काही नाही. सरबत हवंय का विचारलं.'
सरबताला एवढी वाक्यं? भित्रा कुठला! सांगायचं होतं तर उजवीकडे यायचं. असा राग आला की मिरवणूक सोडून घरी आले.

१६ एप्रिल, मंगळवार
आईला सरळ म्हटलं, 'दादानं कान फोडला आणि तू लपवलंस.'
तांदळाचं ताट बाजूला ठेवलं तिनं. 'त्याला बोलू नकोस. रक्त आलं तसं मी लसूण घालून तेल तापवलं आणि ओतलं. आमच्या घरी कानाला तेच घालायचे. मग कान पिकला. डॉक्टर म्हणाले, फाटलेला पडदा आपला आपण भरला असता, तेलानं घात केला. हे कुणाला सांगणार होते? टायफॉइड म्हटलं.'
'दादाला का नाही सांगितलंस?'
तिनं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.
खरंही असेल. पण दादासाठी ही काहीही अंगावर घेते. लहानपणी तो शेजारच्यांची काच फोडायचा आणि माफी मागायला ही जायची.

१९ एप्रिल, शुक्रवार
उद्या डॉक्टर. दादानं अखेर उजव्या कानाशी येऊन सांगितलं. मला दचकवायला चावी मुद्दाम माझ्या कानाशी आपटली होती. 'मागे हो' वगैरे तो ओरडलाच नव्हता म्हणे. मग ते कोण ओरडलं? की मीच पुढे रचलं, त्याला सांभाळून घ्यायला?
दोघंही सोबत यायचं म्हणतात. आई म्हणते तेल, दादा म्हणतो चावी. स्वयंपाकघरात दोघांची वादावादी चाललेली, बक्षीस मिळणार असल्यासारखी. मी दारात उभी. फार एकटं वाटलं. शेवटी मीच विचारलं, 'मी तेव्हा किती रडले गं?'
दोघं एकमेकांकडे बघायला लागले, दुसऱ्याला तरी आठवत असेल म्हणून.