सहा वाजताचा कॉल

४ मार्च, बुधवार

फोन कंपनीचा कागद आला. तीनदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. एकतीस मार्चनंतर ‘डेटा कॉल’ची सेवा बंद. साधे फोन चालू राहणार, इंटरनेट चालू राहणार, नेमकं हेच बंद. म्हणजे हिचा डब्बा बंद!

हिच्या छातीत पेसमेकर आहे. त्याची खबर हा डब्बा दवाखान्यात देतो, रोज सकाळी सहाला. आत सिम आहे. ते आपलं आपणच नंबर लावतं, तिकडचं यंत्र उचलतं, मिनिटभर दोघांचं काय ते बोलणं होतं, मग हिरवा दिवा लागतो. दिवा लागला की मी चहा टाकतो. त्याआधी नाही.

हिला कागद वाचून दाखवला. म्हणाली, “अहो, अजून सत्तावीस दिवस आहेत. आत्तापासून जीव कशाला टांगणीला लावताय?”

हिचं हे असंच.

५ मार्च

हिरवा. सहा वाजून दोन मिनिटांनी.

६ मार्च

कंपनीला फोन केला. अर्धा तास फोनमध्ये नुसती पेटी वाजत होती. मग एक मुलगी आली. “आजोबा, तुमचं इंटरनेट बंद होणार नाही, काळजी करू नका.” म्हटलं, मला इंटरनेट नको, सहाचा कॉल हवा. “कुणाला करायचा असतो कॉल?” मी नाही करत, डब्बा करतो. मग पुन्हा पेटी!

ही आतून हसत होती. “त्या पोरीला वाटलं असेल, म्हातारा कामातून गेला.”

जेवण गोड लागलं नाही.

९ मार्च

दवाखान्यात जाऊन आलो. पेसमेकरची यंत्रं बघणारी एक बाई आहे, आमच्या मुलीच्या वयाची. नवीन पद्धतीचा डब्बा मिळेल म्हणाली. यादीत नाव घातलं. माझ्यासमोर घातलं, मी बघितलं.

विचारलं, जुन्यात आणि नव्यात फरक काय? म्हणाली, “काका, जुना डब्बा माणसासारखा फोन लावतो. एकदा लागला की ठेवेपर्यंत ती वाट त्याची एकट्याची. काही बोलला नाही तरी अडवून बसतो. नवा तसा नाही. निरोपाच्या छोट्या चिठ्ठ्या करून पाठवतो, वाट सगळ्यांची.”

मी चौथी पास, पण हे चटकन कळलं. चौतीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढली. आमच्याकडेही तेच. पुढच्या स्टेशनाने लाईन क्लिअर दिला की मधला रूळ एका गाडीचा. ती पोहोचेपर्यंत दुसरी सोडायची नाही. मग गाडी खच्चून भरलेली असो की रिकामी.

हे तिला सांगितलं तर म्हणाली, “अगदी तस्संच, काका!”

हिला आल्या आल्या सांगितलं. म्हणाली, “झालं, आता आठवडाभर हेच ऐकायचं.”

१२ मार्च

आज हिच्यावर ओरडलो. खिडकी पुसायला तिने डब्बा उचलला होता!

तो तिथून हलवायचा नाही, एवढं एकच माझं सांगणं आहे. आधी आतल्या खोलीत हिच्या उशाशी होता. तिथे नेटवर्कची बोंब. दोन दिवसांआड लाल दिवा. मग गेल्या वर्षी जानेवारीत मीच डोकं लावलं आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीत आणून ठेवला. समोर टॉवर दिसतो. तेव्हापासून चौदा महिने एकही दिवस चुकला नाही. वहीत रोजची वेळ लिहिलेली आहे.

ओरडल्यावर वाईट वाटलं. तिने फडकं धुऊन वाळत घातलं.

१७ मार्च

ओट्याशी हिला चक्कर आली. कडेला धरून उभी राहिली. मी धावलो. “काही नाही, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली.”

गेल्या आठवड्यातही एकदा आली होती म्हणे. मला आत्ता सांगते!

लगेच वही काढली. रोज हिरवा. म्हटलं, काही असतं तर दवाखान्यातून फोन आला नसता का? डब्बा रोज सांगतोय ना त्यांना. आपण उगाच घाबरतो. हिला मोसंबीचा रस दिला.

१८ मार्च

हिरवा. बरं वाटलं.

२३ मार्च

नवा डब्बा नाही. मुलीचा फोन आला. “बाबा, आईला एकदा नुसतं दाखवून तरी आणा.” ही मागून म्हणाली, “काही नको, मी ठणठणीत आहे.” मुलीला मी वहीतल्या तारखा वाचून दाखवल्या. ती म्हणाली, “बाबा, तारखा नको, आई कशी आहे ते सांगा.”

आठ दिवस राहिले. त्यानंतर लाईन क्लिअर मागायची कुणाकडे?

२६ मार्च

लिहवत नाही. तरी लिहितो.

दवाखान्यातली बाई स्वतः नवा डब्बा घेऊन आली. सरळ आतल्या खोलीत गेली. “जुना कुठंय, काका?” बाहेरच्या खिडकीत, म्हटलं. तिने दारातून खिडकीकडे पाहिलं, मग पलंगाकडे पाहिलं. “आणि काकू झोपतात इथे? किती दिवस?” चौदा महिने.

खुर्चीवर बसली.

म्हणाली, “काका, हा छातीतलं वाचतो ते दोन हातांच्या अंतरावरूनच. पहाटे काकू झोपलेल्या असताना वाचतो, मग सहाला कळवतो.” मी म्हटलं, पण कॉल रोज लागत होता! हिरवा दिवा लागत होता! “लागत होता. आमच्या यादीतही रोज कॉल आल्याची खूण पडत होती. आत काहीच नाही, हे आम्हीही उघडून पाहिलं नाही, काका. चूक आमचीही आहे.”

चौदा महिने रिकामी गाडी सोडत होतो. रोज वेळेवर.

मग तिने हातातलं यंत्र हिच्या छातीवर धरलं. बराच वेळ धरलं. पेसमेकरची तार सैल झाली आहे. मधूनच ठोका पोहोचत नाही. दोन महिन्यांत एकोणीस वेळा.

ओट्याशी आली ती चक्कर त्यातलीच एक.

२७ मार्च

हिला दाखल केलं. तार बदलायची. वय पाहता जोखीम आहे म्हणाले. सही मी केली. नाव नीट आलं नाही.

३१ मार्च

आंघोळीला म्हणून घरी आलो होतो. पहाटे खिडकीपाशी जाऊन बसलो. प्लग काढावासा वाटत होता, काढला नाही. सहाला डब्ब्याने कॉल लावला. शेवटचा. हिरवा.

चहा टाकला नाही.

१ एप्रिल

धीर करून हिला म्हटलं, माझ्यामुळे झालं. ही म्हणाली, “मला ठाऊक होतं. पुस्तिकेत चित्र आहे. बाई निजलेली आणि उशाशी डब्बा.” मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, “केबिन सुटल्यापासून तुम्ही दहा-दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडायचात. त्या दिव्यासाठी उठायला लागलात. चहा करायला लागलात.”

उद्या आठला आत नेणार. मी सहालाच जाऊन उशाशी बसणार आहे.