हबीबगंजला न पोचल्याचा शास्त्रीय खुलासा

टाउनशिप, भोपाळ
१९ जानेवारी १९९४

तीर्थरूप केशवमामांस गोपीनाथचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि मामी नवा चष्मा डब्याऐवजी डोळ्यांवर ठेवत असतील, असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे. फक्त तुम्ही आमच्या कांचनसाठी सुचवलेल्या नागपूरच्या स्थळाचं माझ्यामुळे मातेरं झालं. ते लोक तुमच्या दारात येऊन डाफरण्याआधी माझी बाजू ऐकून घ्या. दोष माझा नाही, अंतराळाचा आहे.

आमच्या कारखान्यात सध्या उपग्रहात बसवायचं एक यंत्र तपासायला आलंय. लांबच्या ताऱ्याकडून क्ष-किरण आला की तो मोजायचा, एवढंच त्याचं काम. पण अंतराळात वैश्विक किरण चहूकडून सुसाट येत असतात. तेही आत घुसतात आणि यंत्र त्यांनाही ताऱ्याचेच समजून मोजतं. (दारावरची घंटा वाजली की आईला दर वेळी पोस्टमनच वाटतो, तसं.) मी म्हटलं, शिशाची जाड पेटी करू. केली. तर हे किरण शिशावर आपटून फुटले आणि एकाचे दहा होऊन आत शिरले. आमच्या विश्वास साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते दहाही माझेच नातेवाईक.

शेवटी साहेबांनीच तोड काढली. यंत्राभोवती दुसरं यंत्र बसवायचं. दोन्ही एकाच क्षणी वाजली तर वैश्विक किरण आरपार गेला असं समजून ती नोंद खोडायची. आतलं एकटं वाजलं, तरच ती धरायची. मामा, हा नियम मला इतका पटला की मी तो घरीही लागू केला. आई आणि वंदना बावीस वर्षांत कशावरही एकमतानं बोललेल्या नाहीत. तेव्हा दोघी एकदम काही बोलल्या, तर ते बाहेरून घुसलेलं असणार, असं मी धरू लागलो. (बुधवारी दोघी एकदम “गॅस संपला” म्हणाल्या. मी खोडलं. रात्री कच्चे पोहे खाल्ले.)

रविवारी सकाळी दोघी एकदम म्हणाल्या, “पाहुणे अकराच्या गाडीनं येताहेत, हबीबगंजला घ्यायला जा.” मी खोडलं आणि बूट पॉलिश करत बसलो.

पुढचं त्यांच्याच पत्रावरून जुळवलं. मुलगा, त्याची आई आणि काका तासभर फलाटावर ताटकळले. पत्त्याचा कागद काकांच्या दुसऱ्या कोटात नागपूरलाच राहिलेला. मग एक रिक्षावाला म्हणाला, “मराठी साहब के यहाँ ना? बैठो माताजी, अपन को सब पता है.” त्यानं त्यांना चार इमली भागात कुणा मराठी अधिकाऱ्याच्या बंगल्यावर सोडलं. तिथे सत्यनारायण होता, त्यामुळे तुम्ही कोण असं कुणी विचारलंच नाही. इकडे वंदना दारात उभी आणि तिकडे हे लोक दोन-दोन वाट्या शिरा खाऊन, शिरा वाढणाऱ्या मुलीला पसंत करून संध्याकाळच्या गाडीनं परतलेसुद्धा. काल पत्र आलं: मुलगी पसंत आहे, फक्त तिच्या कडेवरचं बाळ कुणाचं तेवढं कळवावं.

तरी मामा, तुम्ही त्यांना घोळ समजावून सांगा आणि पुढच्या रविवारी पुन्हा पाठवा. असं स्थळ पुन्हा मिळणार नाही. या वेळी मी तासभर आधीच फलाटावर उभा राहीन.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
गोपीनाथ

ता. क. वंदना इतका वेळ शेजारी बसून वाचत होती. आत्ताच दळण आणायला गेली.

आणखी ता. क. मामा, त्यांना पाठवू नका. हबीबगंजचं मी नियमानं नव्हे, मुद्दाम खोडलं होतं. आदल्या संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना कांचन एकदाच, हळू आवाजात म्हणाली, “बाबा, ते लोक लग्नानंतर शिकू देणार नाहीत. माझं एम.एस्सी. होऊ द्या ना.” वंदनाला हे सांगायची माझी छाती नाही. तुम्ही पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा. वंदनाच्या आधी मला सांगून आलेल्या स्थळाला तुम्ही तेच कळवलं होतं. तेव्हा मीही फक्त तुमच्यापाशीच बोललो होतो.