पडद्याच्या फटीतला हात

प्रिय चिमे,

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि आज शनिवार. चार दिवस उत्तर नाही म्हणून तू फुरंगटून बसली असशील. बस. साठी आली तरी तुझ्या नाकावरचा राग काही खाली उतरत नाही. तुझ्या कप्तानांचं सगळं वाचलं. ते आता माणसं ओळखत नाहीत, डॉक्टर फार तर महिनाभर म्हणतात, सगळं. वाचून रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पत्र घडी करून बटणांच्या डब्यात ठेवलं आणि हातातल्या शर्टाची कॉलर उलटवून पुरी केली. कॉलर सरळ बसली, ते मात्र पाहिलं. खोलीतल्या पडद्याकडे हात करून ते आपल्या नाटकातलं तेच वाक्य म्हणत राहतात, तू हात दिलास की चाचपतात, हा नव्हे म्हणतात आणि सोडून देतात, असं तू लिहिलंस. ताई, तू एकदा येऊन हात दे, म्हणजे त्यांचा जीव शांत होईल, असंही लिहिलंस. येते की नाही एवढंच कळवायचं असतं तर एक कार्ड पुरलं असतं. पण मला थोडं जास्त लिहायचं आहे, तेव्हा चहा ओतून घे आणि बस.

आधी माझी खबर. लॉन्ड्रीवाल्याची कामं अजून येतात, पँट आखूड करा, चेन बदला, असली. उजव्या हाताचं मात्र काही खरं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनगटातली नस दबली आहे, फार उशिरा आलात. अंगठ्याजवळच्या तीन बोटांना काही म्हणता काही कळत नाही. परवा इस्त्री लागली, ती वास आल्यावर समजली. दुखलं नाही. सुई आता डोळ्यांनी धरते. आंधळ्यानं बोटांनी पाहावं तसं मी डोळ्यांनी चाचपते, चालायचंच.

आता नाटकाचं. तुला ते माझ्याहून पाठ आहे, तरी लिहिते, कारण आपल्या दोघींना ते वेगवेगळ्या बाजूंनी आठवत असणार. समुद्रावरून परतलेला कप्तान दाढ ठणकते म्हणून औषध घेतो, ते निघतं झोपेचं. डोळ्यांवर पट्टी, डोक्यात गुंगी. पडद्याच्या फटीतून मोलकरणीचा हात पाण्याचा पेला पुढे करतो, तर हा पठ्ठ्या तो हात वाग्दत्त वधूचा समजून दहा मिनिटं प्रेमाचं बोलतो. सकाळी सगळं घर त्याला पटवतं की बाबा रे, तुला स्वप्न पडलं होतं. शंभर वर्षं लोक त्यावर पोट धरून हसताहेत. वधू तू आणि मोलकरीणही तूच. मोलकरणीचा झगा उतरवून वधूचा चढवायचा, पाठीला बावीस हुक, त्याला ती दहा मिनिटं लागायची. म्हणून फटीतून हात द्यायचा कपडेवालीनं, म्हणजे मी. धाकटी मदतनीस तुझे हुक लावायची आणि मी पडद्याला गाल टेकून उभी राहायची.

नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी हे कप्तानाचं काम करणाऱ्याला सांगायचं नाही अशी सक्त ताकीद दिली होती. नायकाला हात नायिकेचाच वाटला पाहिजे, नाहीतर चेहऱ्यावर ते येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मास्तर म्हणजे उंटावरचे शहाणे, पण त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप होती! शिवाय आपल्याला गंमत वाटायची. दोन वर्षं, आठवड्याला पाच प्रयोग, त्यानं माझा हात धरला. झोपेत धरलेला हात जागेपणी सोडणार नाही, हे वाक्य लोकांना ऐकू जायचं. मला त्याच्या तळहाताचा घाम कळायचा. तुमच्या लग्नानंतर मी त्याला अहो-जाहो करायला लागले, पण तेव्हाचं लिहिताना ‘तो’ असंच येतंय हातातून, येऊ दे.

मला तो आवडत होता, चिमे. घे, लिहून टाकलं. चौतीस वर्षं हे कोणाला सांगितलं नाही आणि आता सांगताना छातीत धडधडतसुद्धा नाही.

अंगठीचा प्रयोग तुला आठवतोच. तू लेकीसुनांना इतकेदा सांगितला आहेस की त्यांनाही आठवत असेल. त्यानं नाटकात नसलेलं काम केलं, फटीतल्या हातात अंगठी घातली. प्रेक्षकांना वाटलं, नाटकातलंच आहे. तू अर्धे हुक उघडे टाकून धावत विंगेत आलीस, अंगठी पाहिलीस आणि तुझा चेहरा असा काही उजळला की काही कळायच्या आधी मी ती काढून तुझ्या बोटात घातलीसुद्धा. तुझ्यासाठीच दिली, असं मी म्हणाले आणि तुला स्टेजवर ढकललं. नायक अंगठी देणार ती नायिकेलाच, कपडेवालीला कोण देतं? इतकी वर्षं नाटकात काढून तेवढीच अक्कल आली होती. प्रयोगानंतर तो कपड्यांच्या खोलीत आला. पट्टी अजून गळ्यात लोंबत होती. त्यानं तुझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हाताकडे. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनी त्याला मिठी मारली, आणि तोही हसला. त्यानं तुला सुखात ठेवलं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

त्याआधीच्या आठवड्यात, भर प्रयोगात, पट्टीखालून, त्यानं फटीतल्या हाताच्या बोटाभोवती दोरा गुंडाळला होता आणि तोडून खिशात टाकला होता. मला वाटलं, थट्टा करतोय. जन्मभर लोकांची मापं घेतलेली बाई मी, आणि माझंच माप कोणी घेतलं तेव्हा मला कळू नये!

अंगठी मला बसली होती, चिमे. इकडे नाही, तिकडे नाही, अगदी नेमकी. तुझ्या बोटातून ती दुसऱ्याच दिवशी बशा धुताना निसटली. तू माझ्याकडे घेऊन आलीस, आणि मी आतल्या बाजूनं रेशमी दोरा गुंडाळून ती घट्ट करून दिली. दर दोन-चार वर्षांनी दोरा झिजतो, तू येतेस, मी नवा गुंडाळते. त्याला तो हात कोणाचा वाटत होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. माप कोणाचं होतं, हे मात्र दोरा गुंडाळताना मला दर वेळी माहीत होतं.

पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. तू बोलावलंस ते नाटकातल्या हाताला. मी गुपचूप गाडीत बसून आले असते, हात दिला असता, त्यांनी हाच तो म्हटलं असतं आणि तू शेजारी बसून नाटक आठवून डोळे पुसले असतेस. म्हणजे पुन्हा पडद्याआडूनच. या वेळी तुला आधी कळू दे, मग तूच ठरव. नको म्हणालीस तर मी रागावणार नाही, आणि अंगठी तुझीच आहे, चौतीस वर्षं तू ती वागवलीस. ये म्हणालीस तर गुरुवारच्या गाडीनं येईन. भिऊ नकोस. त्यांनी धरलेला हात उजवा होता. मी आले तर त्यांना तो कळेल, मला काही कळणार नाही.

दोरा झिजला असेल तर सांग, येताना रेशीम घेऊन येते. मी यायला नको असेल तर पाकिटात घालून पाठवते.

तुझीच,
ताई