रिकामं वजन

प्रिय तराजूबाई,

या नावाने तुला हाक मारून दोन वर्षं झाली. चिडू नकोस. दुसरं काही लिहायला गेलो तर हातच पुढे सरकेना. लहानपणी वर्कशॉपमध्ये आलीस की पेन्सिल काट्यावर ठेव, चप्पल ठेव, तुझ्या दादाचा जेवणाचा डबा ठेव आणि आकडा मोठ्याने वाच, हाच तुझा उद्योग. दादा म्हणायचा, हिच्या लग्नात नवऱ्यामुलाला आधी काट्यावर बसवणार बघा.

इकडे ठीक म्हणायचं. तुझ्या आईचे गुडघे तसेच. माझ्याकडे आग विझवायच्या नळकांड्या येतात, मी तपासतो, भरतो, परत पाठवतो. दादाचा तो उंच मित्र, आपण शिडी म्हणतो तो, परवा रस्त्यात भेटला. थंडीने दोन बोटं नेली तरी गाडी चालवतो. मला बघून रस्ता ओलांडणार होता, मग थांबला. आईच्या गुडघ्यांची चौकशी करून गेला.

तू औषधांच्या कारखान्यातली नोकरी सोडल्याचं आईकडून कळलं. एकेक वजन चार-चारदा घ्यायचीस, मागची माणसं खोळंबायची, साहेबाने दोनदा समज दिली आणि तू राजीनामा देऊन मोकळी झालीस. आईला म्हणालीस, माझ्या हातावर माझाच भरवसा उरला नाही. ते ऐकलं म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

गॅसचे ते छोटे डबे आठवतात ना? डोंगरावर न्यायच्या तळहाताएवढ्या शेगडीसाठी बाजारात मिळणारा डबा एकदा संपला की फेकायचा, आणि दादाला फेकणं पटायचं नाही. मग भंगारात आलेल्या लहान ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांपासून मी तीन डबे केले, पुन्हा पुन्हा भरता येतील असे. आग विझवणाऱ्या भांड्यातून चहा उकळणारे आपण तिघेच, म्हणून दादा किती हसला होता! असल्या डब्यात किती गॅस उरलाय ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माझ्या धंद्याची रीत मी तुला शिकवली. डबा रिकामा तोलायचा, ते वजन तळावर ठोकायचं, भरताना त्यात एकशेऐंशी ग्रॅम मिळवायचे आणि काटा तिथे आला की हात थांबवायचा. वर मोकळी जागा राहिलीच पाहिजे, नाहीतर डबा जिवावर उठतो. तळावर दोनशे बारा, म्हणून काटा तीनशे ब्याण्णव. तू एका ग्रॅमनेही इकडेतिकडे केलं नाहीस कधी. दादा डोळे झाकून ते डबे पाठीवर टाकायचा.

त्या शेवटच्या वेळीही तूच भरलेस. बर्फाचं वादळ आलं, दादाचा पाय मोडला, तो आणि शिडी तंबूत अडकले. बर्फ वितळवल्याशिवाय तिथे प्यायला पाणी नाही, आणि गॅस हिशेबापेक्षा फार आधी संपला. चौथ्या दिवशी दुपारी सोडवायला माणसं पोचली. दादा त्या सकाळीच गेला होता. गॅस कमी पडला एवढंच शिडी बोलला, आणि तू ते तिथल्या तिथे स्वतःच्या अंगावर घेतलंस. आम्ही घेऊ दिलं. आम्ही म्हणजे मी. आईला काही माहीत नव्हतं.

महिन्याभराने शिडीने तिन्ही डबे आणून दिले. मी तुम्हाला सांगितलं, डबे डोंगरावरच राहिले. खोटं सांगितलं. ते माझ्या खणात आहेत. तो गेल्यावर हाताच्या सवयीने मी एक रिकामा डबा काट्यावर ठेवला. दोनशे अठ्ठावन्न. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. तिन्हींचा आकडा तोच.

ते दोघं निघायच्या आदल्या आठवड्यात जुने व्हॉल्व्ह झिरपत होते, म्हणून मी तिन्ही डब्यांना पितळेचे जड व्हॉल्व्ह बसवले. व्हॉल्व्ह बदलला की रिकामं वजन नव्याने ठोकायचं, हे मी तीस वर्षं करत आलोय. परक्याची नळकांडी नवा आकडा ठोकल्याशिवाय दाराबाहेर जाऊ दिली नाही कधी. त्या दिवशी मात्र म्हटलं, घरचंच तर आहे, नंतर ठोकू. तू तळावरचा जुनाच आकडा वाचलास, नेमकं तीनशे ब्याण्णववर थांबलीस, आणि प्रत्येक डब्यात शेहेचाळीस ग्रॅम कमी गेला. मिळून एकशे अडतीस. दोघांचं दीड दिवसाचं पाणी, पोरी. तेवढ्यात माणसं पोचली असती.

मी डबे तोलले त्याच आठवड्यात रविवारी तू आलीस आणि विचारलंस, बाबा, मीच कमी भरलं का गं म्हणून आईला विचारवत नाही, तुम्ही तरी सांगा. मला सगळं ठाऊक होतं. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जाऊ दे, हात कुणाचाही चुकतो. न केलेल्या चुकीची मी तुला माफी दिली. दादाच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली, तुझ्या बाबतीत मी जाणूनबुजून केलं. मला भीती वाटली. मुलगा गेलाच होता, मुलीच्या नजरेतून उतरायची हिंमत नव्हती.

काल हे आईला सांगितलं. तिने माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसली. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाही, तो विषयच काढू नकोस. पत्रासोबत एक डबा पाठवतोय, रिकामा, व्हॉल्व्हसकट. तळावर माझ्या हातचा दोनशे बारा आहे. दोन वर्षं मी तुझ्याशी खोटं बोललो, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नकोस. डबा काट्यावर ठेव आणि आकडा मोठ्याने वाच. एकदाच वाच. तेवढं पुरे आहे.

नजरेतून उतरला तरी तुझाच,
बाबा