झाकणाच्या आतल्या खुणा

अण्णा, मी तुमच्याशी खोटं बोलत होते आणि तुम्हाला ते ठाऊक होतं, हे मला दोन आठवड्यांपूर्वी कळलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आई या वर्षी गेली. आता हे कोणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले आहे.

चिंचपोकळी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आपल्याच चाळीच्या जिन्याखाली तुमचं घड्याळदुरुस्तीचं टेबल. मी शाळेतून येते तेव्हा तुम्ही डोळ्याला भिंग लावून वाकलेले असता. मान वर न करताच म्हणता, "थांब, शिंकू नको, बॅलन्सचां चाक उघडां आसा." तेवढा वेळ मी दप्तरासकट पुतळा. गिरणीचा भोंगा झाला की कामगार घड्याळं लावत, आणि तुम्ही पुटपुटत, "भोंगोच दोन मिनटां मागे." जगात बरोबर वेळ फक्त आपल्या जिन्याखाली आहे असं मला तेव्हा खरंच वाटायचं. प्रत्येक घड्याळाचं काम झालं की तुम्ही मागच्या झाकणाच्या आत सुईने काहीतरी कोरत असायचात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, कारागिराने आपली खूण आणि महिना-साल आतून लिहायचं असतं, पुढचा कारागीर ते वाचतो. गिऱ्हाइकाला? "गिऱ्हाइकाक कशाक व्हया?" तुमची खूण म्हणजे एक टिंब आणि त्याखाली आडवी रेघ.

मी अकरावीत गेले तेव्हा तुम्ही मला चावीचं लेडीज घड्याळ दिलंत. मशीन एकाचं, तबकडी दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे. तीन महिने जमवत होतात, हे आईने नंतर सांगितलं. रोज सकाळी एकाच वेळी वीस फेऱ्या चावी द्यायची, आणि न घालता ठेवायचं नाही, कारण पडून राहिलं की तेल घट्ट होतं. मी ते आठ दिवस घातलं. नवव्या दिवशी शिवाजी पार्कला राहणारी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, हे तुझ्या आजीचं का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन घड्याळ बिस्किटाच्या डब्यात टाकलं, डबा आईच्या ट्रंकेत तळाशी. पहिल्या पगारात मी बॅटरीचं घड्याळ घेतलं. ज्या घड्याळांनी तुमचं टेबल रिकामं केलं, त्यांतलंच एक. ते बघून तुम्ही एवढंच म्हणालात, "बरां दिसता."

पण विचारणं सोडलं नाहीत. "चावी दिलंस मां गो?" आणि मी म्हणायचे, "हो अण्णा, सकाळीच." लग्न होऊन मी डोंबिवलीला गेले तरी फोनवर तेच. मी तर आणखी मीठमसाला लावायचे. एकदम टायमात चालतं, सेकंदभरसुद्धा मागे पडत नाही, ऑफिसात सगळे विचारतात कुठून घेतलं. घड्याळ होतं तुमच्याच खोलीत, तुमच्या अंथरुणापासून चार हातांवर. तुम्ही ट्रंकेला कधी हात लावत नाही, या भरवशावर मी निर्धास्त होते. काय अक्कल म्हणावी.

आईनंतर खोली आवरताना तो डबा निघाला. मला वाटलं, निदान आता तरी घालू. दादरला एका घड्याळदुरुस्तीवाल्याकडे नेलं; सत्तरीचा, तुमच्यासारखाच भिंग लावणारा. झाकण उघडून त्याने ते भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "बाई, हे मनगटावर राहिलेलंच नाही. घामाचा डाग नाही कुठे. पण साफ मात्र एके काळी दर वर्षी केलंय. न वापरलेलं घड्याळ दर वर्षी कोण साफ करतं हो?" त्याने झाकण आणि भिंग माझ्यापुढे धरलं. टिंब, रेघ, महिना, साल. टिंब, रेघ, महिना, साल. मी सोळा मोजल्या. प्रत्येक खूण दिवाळीच्या आधीच्या महिन्यातली. दिवाळीला मी कदाचित या वेळी तरी डब्यातून काढून घालीन, म्हणून ना अण्णा? आणि त्याच दिवाळीला, तेल घालून घड्याळ परत डब्यात ठेवून, तुम्ही मला विचारत होतात, चावी दिलीस का. मी हो म्हटलं की तुम्ही मान हलवायचात आणि आईला सांगायचात, हिला आणखी एक करंजी दे.

शेवटची खूण तुमच्या शेवटच्या वर्षाची. तेव्हा तुमचा हात इतका कापायचा की आई चहा बशीत ओतून तुमच्या ओठांना लावायची. टेबल कधीच बंद झालं होतं. ती रेघ वाकडी जाऊन कडेपर्यंत घसरली आहे. दुरुस्तीवाल्याने एका स्क्रूवर चिमटा टेकवला. "हे बघा, खाच पार खाऊन टाकलीय. आधीचा माणूस उस्ताद होता, पण शेवटी कुणा अडाण्याने हात घातलाय." त्याला खुणा वाचता येत होत्या, पण कापणारा हात आणि उस्तादाचा हात एकच, हे त्याला कसं सुचावं? मला सांगता आलं असतं. माझ्या वडिलांनी केलंय हे, इतकंच तर म्हणायचं होतं. मी पर्स चाचपत राहिले आणि म्हटलं, "असेल कोणीतरी."

स्क्रू मात्र बदलू दिला नाही. घड्याळ आता माझ्यासमोर आहे, आणून अकरा दिवस झाले. रोज सकाळी हातात घेते, चावीवर बोट ठेवते, आणि परत ठेवून देते. ती वाकडी रेघ आत आहे हे माहीत असताना बोट पुढे फिरत नाही. तुम्ही विचाराल म्हणून सांगते, या वेळी खरं सांगते. नाही अण्णा. अजून दिली नाही.