चाळणीवरचे खडे

६ जानेवारी, पारोळा
धुळ्याच्या अमृत व्यापाऱ्याने अंड्यांचे बत्तीस ट्रे परत पाठवले. कवच पातळ, गाडीतच तडे जातात म्हणे. "नाना, वीस तारखेपर्यंत सुधारा, नाहीतर दुसरीकडून घेतो." काल मिसरूड फुटलं, आज मला कवच शिकवतो!

दुपारी स्क्रूगेज घेऊन कवचाची जाडी मोजत बसलो. पिंजऱ्यांच्या पाच रांगा, प्रत्येकी दहा अंडी, आतला पापुद्रा सोलून. (बाकीचे पापुद्र्यासकट मोजतात आणि मिरवतात.) चार रांगा ०.२९ मिलिमीटर. तिसरी ०.३६.

म्हणजे माझी पद्धत बरोबरच. कवचाला चुना मिळावा म्हणून शिंपल्याचा चुरा महिनाभर मी चक्कीत दळून, चाळून खाद्यात मिसळतोय. खडे असले की दांडग्या कोंबड्या निवडून खातात. भुकटी सगळ्यांना सारखी. कॉलेज नाही केलं, स्वतः वाचून काढलंय. तिसऱ्या रांगेत जमतं ते बाकीच्यांत का नाही? खाद्य कामावरची बेबाबाई घालते. तिचाच हात चुकत असणार.

७ जानेवारी
तिला झापलं. उलट मलाच ऐकवते — "भाऊ, कोंबडीले खडा लागस. अंडं रातले बनस, खडा रातभर पोटमा ऱ्हास. पीठ लगेच निंघी जास." हिला सही येत नाही!

९ जानेवारी
तिसरी ०.३६. बाकी ०.२८. डोकं फिरलं.

१० जानेवारी
पकडली! तिसऱ्या रांगेच्या खाद्याच्या पन्हळीत खडे. चाळणीवर उरतात तेच — उकिरड्यावर टाक म्हणून मी रोज बजावतो ते. विचारलं तर शांतपणे म्हणते, एकच रांग करून पाहत होते, तुम्हाला सांगून तुम्ही ऐकता थोडंच.

माझ्या शेडमध्ये ही प्रयोग करणार! दुपारीच कामावरून काढली. पन्हळ स्वतः झाडून घेतली, एक खडा ठेवला नाही. बरं झालं वेळेत दिसलं, नाहीतर माझी एकमेव चांगली रांगही बिघडवली असती.

११ जानेवारी
बायको प्रमिला म्हणाली, बाई नऊ वर्षं आपल्याकडे होती. म्हटलं, तू यात पडू नकोस.

१५ जानेवारी
तिसरी रांग — ०.२९. पुन्हा मोजली, वेगळी दहा अंडी घेऊन. ०.२९.

चक्की बंद केली. संध्याकाळपर्यंत उकिरड्यावर उकिडवा बसून खडे वेचले. पाऊण डबा निघाला.
प्रमिलाला म्हटलं, बेबाबाईला निरोप धाड.
"तुम्हीच जा," म्हणाली.