पिस्तुलाला कुंकू

२४ ऑगस्ट, रविवार

आणलं शेवटी! पिस्तूल! मी पोळ्या करत होते, तर हे समोर येऊन उभे. शर्ट खोचलेला, कमरेला नवा पट्टा, पट्ट्याला काळं म्यान आणि म्यानात ते. "कसं दिसतंय?" म्हणे. जसा काही नवा कोट आणलाय! मी म्हटलं, "पोळी करपतेय, बाजूला व्हा."

पलीकडच्या गावी, नोव्हायला, जगन्नाथरावांकडे चोरी झाली तेव्हापासून हे खूळ शिरलंय डोक्यात. त्यांच्या बायकोचे, सुलभाचे, सगळे दागिने गेले, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णासुद्धा गेली. वाईट झालंच. पण चोरी त्यांच्याकडे आणि पिस्तूल आमच्याकडे! क्लास केलाय, परवाना काढलाय. मला सांगून जायचे की ब्रिज खेळायला जातो.

मी म्हटलं, निदान कोटाखाली झाका. "झाकायला मी काय गुंड आहे? मिशिगनमध्ये उघडं बाळगता येतं. कायदा आहे तसा." जन्मभर मोटारींचे ब्रेक डिझाइन केले या माणसाने. स्वतःला मात्र ब्रेक नाही.

३१ ऑगस्ट

आमच्या भजनी मंडळातल्या वल्लरीकडे गणपतीच्या दर्शनाला गेलो. आरती चालू, आणि निम्मी मंडळी देवाकडे, निम्मी यांच्या कमरेकडे बघतायत! वल्लरीने मला किचनमध्ये नेलं. "वसुधाकाकू, प्लीज राग मानू नका, घरात लहान मुलं आहेत. काकांना सांगा ना, गाडीत ठेवून या म्हणून." पोरगी रडवेली झाली होती. बरोबरच होतं तिचं.

यांना सांगितलं तर प्रसाद न घेताच निघाले. मोदकाचं ताट हातात धरून मी मागे मागे. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

९ सप्टेंबर

या महिन्याचं भजन कोणाकडे आहे, मला कोणी कळवलेलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज पार्कमध्ये पोलीस आला. कोणीतरी फोन केला होता — म्हातारा माणूस पिस्तूल लावून फिरतोय म्हणून. मी यांचा दंड धरला. तर हा पोरगा हसत हसत आला! "नाइस डे, सर." यांनी परवाना दाखवला. मग दोघं पिस्तुलाच्या गप्पा मारत उभे. कुठल्या कंपनीचं, हाताला जड पडतं का! शेजारी मी, भाजीच्या पिशवीसारखी ठेवलेली.

जाताना मी त्याला हळूच म्हटलं, "तुम्ही सांगा ना यांना, घरी ठेवा म्हणून." तो हसला. "मॅम, दॅट्स बिटवीन यू अँड युअर हजबंड."

झालं! पोलिसानेही भांडण माझ्याच पदरात टाकलं. आणि हे दिवसभर फुशारलेले. "बघितलंस? सर म्हणाला मला!"

१५ सप्टेंबर

सौमित्रला फोन केला. पोटचा पोरगा, वाटलं हा तरी वडिलांशी बोलेल. "आई, इट्स लीगल. बाबा इज अ ग्रोन मॅन. तू इतकं टेन्शन घेऊ नको ना." न्यू जर्सीत बसून सल्ले द्यायला काय जातंय!

२२ सप्टेंबर

घट बसले. घरातच देवापुढे बसले मी, पण चित्त कुठे थाऱ्यावर आहे?

खरी गोष्ट लिहूनच टाकते. मला चोराची भीती नाही, पिस्तुलाचीही तितकी नाही. यांना ऐकू येत नाही, त्याची भीती आहे. कानातलं यंत्र आहे, पण गर्दीत त्याचा नुसता कालवा होतो. पाठीमागून कोणी "थांब" म्हणालं तर यांना कळतच नाही. आणि कमरेला ते! सगळेच पोलीस त्या पार्कातल्या पोरासारखे हसत येतील का? एखादा ओरडेल, हे थांबणार नाहीत, आणि तो गोळी घालेल. रोज हेच दिसतं डोळ्यांपुढे.

म्हणून मी सगळीकडे बरोबर जाते. पेट्रोल भरायला, केस कापायला, बँकेत. यांचे कान म्हणून. लोक म्हणत असतील, या वयात काय प्रेम आहे! बरोबर गेले तर शरमेने मरायचं, घरी राहिले तर काळजीने. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझ्याकडे राहायला ये म्हणाला सौमित्र. कशी जाऊ?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. काल लिहिणं शक्यच नव्हतं.

सकाळी यांनी नेहमीसारखा पाट मांडला. मापं घ्यायचा जुना कॅलिपर, लॅपटॉप, गाडीची किल्ली — आणि शेवटी, गोळ्या काढून, ते. कुंकू दरवर्षी मीच लावते. "याला पण लाव. शस्त्रपूजेला आजवर खरं शस्त्र कुठे होतं आपल्याकडे?" माझा हात पुढे होईना. पण सणाचा दिवस, कशाला वाद, म्हणून लावलं. कुंकू जरा जास्तच ओलं झालं.

मग जगन्नाथरावांकडे सोनं द्यायला निघालो. इथे आपटा कुठला, दारातल्या रेडबडच्या झाडाची पानं घेतली. यांचा पांढरा झब्बा, त्यावर तो पट्टा. वाटेत एका मोठ्या दुकानाशी थांबलो, सुलभासाठी शेवंतीची कुंडी घ्यायला. मी कुंड्या बघतेय, हे जरा पलीकडे ढकलगाड्यांपाशी. एक बाई यांच्याकडे बघून थबकली आणि आल्या पावली परत आत गेली. मी हसले तिच्याकडे बघून! काय म्हणावं मला? यांच्याकडे नीट बघायला हवं होतं. पिस्तूल म्यानात घालताना ओलं कुंकू तळव्याला लागलेलं, तोच हात झब्ब्याला पुसलेला. चांगला लालभडक फराटा.

पोलिसांच्या गाड्या आल्या त्या थेट पदपथावर. दारांआडून बंदुका. "हँड्स! लेट मी सी युअर हँड्स!" आणि हे पाठमोरे! शांतपणे ढकलगाडी ओढतायत. पुन्हा ओरडले. यांना पत्ताच नाही. मी जीव खाऊन ओरडले, "अहो! हात वर! हात वर करा!"

माझा आवाज यांना नेहमी ऐकू येतो. वळले, हात वर केले. तळवा लाल.

"ही'ज गॉट ब्लड ऑन हिम! हूज ब्लड इज दॅट?"

मी धावले. "नो ब्लड! पावडर! इट इज ओन्ली पावडर!"

तोंडातून गेलं आणि मलाच कळलं काय बोलले ते. पिस्तूलवाल्या माणसाबरोबरची बाई, आणि पावडर, म्हणजे नशेचीच समजणार! एक बंदूक माझ्याकडे वळली. चाळीस वर्षं या देशात इंग्रजी बोलतेय, आणि कुंकवाला एक शब्द सापडला नाही मला. देवा, संपलं, एवढंच मनात आलं. हातात शेवंतीची कुंडी.

यांना डांबरावर पालथं पाडलं. पाठीवर गुडघा, हातात बेड्या. सत्तरीचा माणूस! यंत्र कानातून निसटून पडलं. मग तर काहीच ऐकू येईना, हे नुसते "व्हॉट? व्हॉट?" करतायत, आणि तो पोलीस आणखी जोरात ओरडतोय.

शेवटी एक वयस्कर पोलीस आला. त्याने यांच्या तळव्यावर बोट फिरवलं, वास घेतला. मग माझ्या कपाळाकडे बघितलं. "सेम स्टफ?" मी मान हलवली. त्याने बेड्या काढल्या, स्वतः यांना उठवून बसवलं, यंत्र शोधून दिलं. भला माणूस. आणि परवाना तपासून पिस्तूल परत दिलं!

मी म्हटलं, ठेवून घ्या. हात जोडले त्याच्यापुढे. "कान्ट, मॅम. ही हॅजन्ट ब्रोकन एनी लॉ."

"मग पाडलंत कशासाठी?"

"वी गॉट अ कॉल."

नोव्हायला गेलोच नाही. गाडी मी चालवली. दारात गाडी थांबल्यावर एवढंच म्हणाले, "मला ऐकूच आलं नाही गं." मला इतका राग आला होता यांचा, आणि इतकी माया आली. दोन्ही एकदमच.

५ ऑक्टोबर

पिस्तूल तिजोरीत गेलं. यांनी स्वतःच ठेवलं. पट्टासुद्धा. मी देवापुढे साखर ठेवली.

८ ऑक्टोबर

सुटले म्हणावं तर हे घराबाहेरच पडत नाहीत. टपालाची पेटी बघायलासुद्धा मीच. काल कचऱ्याची गाडी आली तर दचकून उठले. म्हटलं, चला, पार्कात एक चक्कर मारू. "तू जाऊन ये."

सुलभा येऊन गेली. तिच्या चोरीपेक्षा हे वाईट झालं, म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

दुकानापाशी कोणीतरी व्हिडिओ काढला होता. तो सगळीकडे फिरतोय म्हणे. सौमित्रने सांगितलं, खालच्या कॉमेंट्स वाचू नको. वाचल्या: टेररिस्ट, परत जा, असलंच सगळं. नसत्या वाचल्या तर बरं झालं असतं. एकाने आमच्या रस्त्याचं नावसुद्धा लिहिलंय.

११ ऑक्टोबर, शनिवार

घरासमोरच्या पदपथावर एक माणूस उभा आहे. दाढीवाला, टोपी. छातीवर आडवी लांब बंदूक. हातात फोन, आमच्या दाराचा व्हिडिओ काढतोय. काही बोलत नाही, नुसता उभा.

पोलिसांना फोन केला. मी! गाडी आली. पोलीस उतरला, त्याच्याशी बोलला. दोघं काहीतरी हसले. मग आमची बेल वाजली.

"मॅम, ही'ज ऑन अ पब्लिक साइडवॉक. बंदूक कोणावर रोखलेली नाही. आम्ही काही करू शकत नाही."

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने तरी कुठे रोखली होती? त्याला ती गोष्ट ठाऊकच नव्हती. "हॅव अ गुड डे." याला पाडत नाहीत, याचा झब्बा बघत नाहीत! हे पडद्याआड, भिंतीला टेकून उभे.

१२ ऑक्टोबर

आजही आला. आज दोघं आहेत.

१३ ऑक्टोबर

सौमित्र म्हणतो, घर विकून इकडे या. यांना विचारलं. "बाहेर पडायचं कसं, वसुधा?" गाडी गॅरेजमध्ये, गॅरेजमधून रस्त्यावर, आणि रस्त्यावर ती माणसं. यांना तेवढंही जमणार नाही असं वाटतंय. दिवाळी आठवड्यावर आली आणि मी अजून भाजणी भाजलेली नाही.

१४ ऑक्टोबर

आजही दोघं उभे. आज ड्राइव्हवेच्या तोंडाशी.

यांना म्हटलं, "तिजोरी उघडा."

"मला नाही जमायचं आता."

"तुम्हाला कोण सांगतंय? उघडा, आणि मला शिकवा."